न झालेल्या सौद्याचा दलाल

मनूभाऊ दिघे कोणतंही घर विकायला घेण्याआधी त्या घरात एक दुपार झोपायचे.

थट्टा नाही करत. उन्हाळा असो की थंडी, जेवूनखाऊन साडेबाराच्या सुमाराला त्यांची स्कूटी फाटकाशी लागायची. हँडलच्या हुकाला कापडी पिशवी आणि पिशवीत स्वतःची उशी. "पंखा चालू करा आणि चार वाजेपर्यंत मला विसरून जा," एवढं बोलून हा पासष्ट वर्षांचा सफारी सूटवाला माणूस तुमच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर आडवा. चार वाजता उठून तोंड धुणार, चहा मागणार आणि मग भाव सांगणार. "काय है ना, तीन वाजता बाजूवाल्यांचा मिक्सर चालतो. साडेतीनला ही भिंत तापते. वरची टाकी गळते आहे, थेंब ऐकले मी. दीड लाख कमी होतील." घराचा मालक कपाळाला हात लावायचा, पण टाकी खरोखरच गळत असायची.

एकदा ऋषी नगरात एका गृहस्थाने बायकोला सांगितलंच नाही की आज दिघे झोपायला येणार आहेत. ती बिचारी भाजी घेऊन घरी आली तर पुढच्या खोलीत परका माणूस घोरतोय. तिने जी किंकाळी फोडली, अर्धा मोहल्ला काठ्या घेऊन धावला. मनूभाऊंनी डोळे न उघडता विचारलं, "किती लोक आले?" कोणीतरी म्हणालं, बारा-पंधरा. "शेजार चांगला आहे. हेही भावात धरू," असं म्हणून ते कुशीवर वळले. त्या घराचा सौदा पुढे त्यांनीच केला आणि चांगला केला.

त्यांचं ऑफिस म्हणजे आमच्या गावच्या फ्रीगंज बाजारात, टावर चौकाच्या अलीकडे, एका झेरॉक्सच्या दुकानाबाहेर टाकलेली प्लास्टिकची खुर्ची. तिथे बसून त्यांनी अर्ध्या माधव नगरची घरं इकडची तिकडे केली असतील.

मला दलाल या प्रकाराचा पहिल्यापासून राग. मी वीज मंडळात पस्तीस वर्षं नोकरी केली, बिलं भरणाऱ्यांची तोंडं पाहिली, कोणाला भीक घातली नाही. घर आमचं, पैसे घेणाऱ्याचे, आणि हे मधल्या मध्ये एक टक्का आमच्याकडून, एक टक्का त्यांच्याकडून घेऊन मोकळे! कशाबद्दल? फाटक उघडून दाखवल्याबद्दल? हे मी पहिल्याच भेटीत त्यांना तोंडावर विचारलं होतं.

"बरोबर आहे शोभाताई," ते म्हणाले. "मी तर बीचचा माणूस. विकणारा म्हणतो, हा घेणाऱ्याला सामील आहे. घेणारा म्हणतो, विकणाऱ्याला सामील आहे. आणि रजिस्ट्री होईपर्यंत मला दोघांकडून चहाशिवाय काही मिळत नाही."

"पण कमिशन तर दोघांकडून घेता ना?"

"कमिशन नका म्हणू. कमिशन खातात. मी दलाली घेतो, समोर बसून, मोजून, सगळ्यांच्या देखत."

या बाबतीत माणूस विचित्रच होता. बाकीचे दलाल बयान्याच्या दिवशीच आपला अर्धा हिस्सा काढून घेतात. बयाना म्हणजे तुमच्या पुण्याकडे ज्याला विसार म्हणतात तो. घर पक्कं केल्याचे हातावर ठेवलेले पैसे. मनूभाऊ त्या दिवशी पैशाला हात लावायचे नाहीत. रजिस्ट्री झाली, किल्ली घेणाऱ्याच्या हातात पडली, की मग दोन्हीकडून एक-एक टक्का. माझा भाऊ विनू याने पुण्याहून फोनवर त्यांना तोच नेहमीचा प्रस्ताव दिला, की आम्हाला अमुक एवढे हातात द्या, त्याच्या वर जे मिळतील ते तुमचे. दुसरा कोणी असता तर उडी मारली असती. हे म्हणाले, "विनायकराव, वरचं म्हणजे कोणाचं? घेणाऱ्याच्या खिशातलंच ना? त्याच्याकडून मी एक टक्का घेणार आणि वरून त्याचा खिसाही कापणार, हे आपल्याला नाही जमत." आणि एका गोष्टीचं नाव काढलं तरी ते कानाला हात लावायचे. एकाच मकानाचा बयाना दोन पार्ट्यांकडून उचलणं. फ्रीगंजमध्ये दलालाचं यापेक्षा मोठं पाप नाही. ज्याने ते केलं त्याला पुन्हा कोणी घर दाखवायला देत नाही, आणि ते घरसुद्धा भांडण निपटेपर्यंत कोणी घेत नाही.

आता आमच्या घराबद्दल. माधव नगरचं हे घर वडिलांनी सरकारी नोकरीत असताना कर्ज काढून बांधलं आणि जाताना तिघांच्या नावावर करून गेले. मोठी कुमुदताई, मधली मी, धाकटा विनू. माझं लग्न होऊन मी देवास रोडला गेले, विनू पुण्याला. कुमुदताईने लग्न केलं नाही. शाळेत शिकवलं, वडिलांचं केलं, आईचं केलं आणि त्याच घरात राहिली. ती अडुसष्टची झाली तेव्हा विनू म्हणाला, आपल्या गावात सिंहस्थ येतोय, यात्रेकरूंना खोल्या द्यायला लोक घरं शोधत फिरताहेत, असा भाव पुन्हा येणार नाही. ताईला मी पुण्याला नेतो, मागची खोली रिकामीच आहे. मी लगेच हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, माझ्या मुलीला इंदोरला फ्लॅट घ्यायचा होता आणि माझ्या हिश्श्याशिवाय तो होत नव्हता.

ताई एकच वाक्य बोलली. "मी असेपर्यंत राहू द्या ना रे. मग काय करायचं ते करा."

आमची आई ब्याण्णव वर्षं जगली होती. आम्ही दोघांनी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि ताईला म्हटलं, असा हट्ट बरा नाही.

चैत्रातल्या एका दुपारी मनूभाऊ उशी घेऊन आले आणि आमच्या पुढच्या खोलीत झोपले. मी चार वाजता भाव ऐकायला मुद्दाम गेले. ते उठून बसले होते, चहा तसाच पडला होता. या वेळी मिक्सर नाही, भिंत नाही, टाकी नाही. भाव सांगितला, चांगला सांगितला. अट एकच घातली, की वर्षभर हे काम दुसऱ्या कोणाकडे द्यायचं नाही. विनूने फोनवर कबूल केलं आणि तसा कागद सही करून पाठवला.

आणि मग रविवार सुरू झाले.

दर रविवारी अकराला एक पार्टी. पहिले आले भोपाळचे सिंचाई विभागातले रिटायर्ड साहेब, काळा कोट, बरोबर मिसेस. त्यांनी सगळं घर पाहिलं, भिंतींवर टिचक्या मारल्या आणि म्हणाले, जिना उलट्या हाताला आहे. दुसऱ्या रविवारी एक डॉक्टर. त्यांना स्वयंपाकघराची दिशा खटकली. मग दुबईहून परतलेलं जोडपं, मग एक वकील, मग एक सराफ. एकाने सांगितलं, घर फार शांत आहे, मिसेसला असल्या शांततेत झोप येत नाही. मी म्हटलं, मग टावर चौकात खाट टाका म्हणावं! मनूभाऊ खाली बघत म्हणाले, "पार्टीचं मन आहे ताई. मनाला काय करणार?"

कुमुदताई मात्र रविवारी नटायची. हिरवी माहेश्वरी नेसायची, अंबाड्यावर मोगरा, येणाऱ्याला पन्हं नाहीतर साबुदाण्याची खिचडी. ही खिडकी वडिलांनी का मोठी ठेवली, या ओट्याचा दगड कुठून आणला, सगळं सगळ्यांना सांगायची. कोटवाले मान डोलवत ऐकायचे. मी दर रविवारी यायचे, माझा फ्लॅट लांबणीवर पडताना बघायचे आणि चरफडत घरी जायचे. मधल्या सहा दिवसांत मी तिच्याकडे डोकावतही नव्हते. दिवाळीला तिचे ब्लाउज अंगावर लोंबायला लागले तेव्हा मी म्हटलं, "वा ताई, डायटिंग मानवलं की तुला!" ती हसली. "ऍसिडिटी आहे गं, जेवण जात नाही," म्हणाली. मी हे बोलले होते, मीच. अजून ते वाक्य माझ्या कानातून जात नाही.

देवउठणी, म्हणजे तुमच्याकडची कार्तिकी एकादशी झाली आणि लग्नं सुरू झाली. एका संध्याकाळी मी ऑटोत बसून घरी जात होते आणि टावर चौकात वरात आडवी आली. ऑटो बंद. समोर बँड, लाल कोट, सोनेरी झालर. आणि माझ्यापासून चार हातांवर क्लॅरिनेट वाजवत उभे होते भोपाळचे सिंचाई विभागातले रिटायर्ड साहेब.

त्यांनी मला पाहिलं आणि क्लॅरिनेट अशी भेसूर किंचाळली की घोडी बिथरली. मी ऑटोतून उतरले. त्यांच्या मागे ड्रमवर डॉक्टर होते. दुबईवाला झुनझुना वाजवत होता. माईक हातात धरून गाणारी बाई म्हणजे ज्यांना शांततेत झोप येत नाही त्या मिसेस.

"साहेब तुम्ही?" मी ओरडले.

"दीदी, दिघेजी से पूछ लेना," ते कसनुसे म्हणाले. "हम तो कोट पहन के आ जाते थे. चौमासे में वैसे भी काम नहीं रहता."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी झेरॉक्सच्या दुकानावर गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. आठ महिने! आठ महिने आम्हाला उल्लू बनवलंत, बँडवाले आणून बसवलेत, माझ्या पोरीचा फ्लॅट गेला, तुम्हाला लाज कशी वाटली नाही? आजूबाजूचे लोक झेरॉक्स काढायचं सोडून बघायला लागले. मनूभाऊंनी मला पूर्ण बोलू दिलं.

"शोभाताई, दलालाला पैसे कधी मिळतात? सौदा झाल्यावर. आठ महिन्यांत मी एक पैसा कमावलेला नाही तुमच्या घरावर. वरून बँडवाल्यांचा चहा माझा. असं का केलं असेल मी?"

"ते तुम्हीच सांगा."

"मी शपथ घातलेला माणूस आहे. मी सांगणार नाही. ताईंच्या कपाटात साड्यांच्या खाली एक पांढरी फाईल आहे, ती बघा. मी त्या दुपारी तुमच्या घरात झोपलो होतो ना? झोपलो नव्हतो. आतल्या खोलीतून आवाज येत होता. तोंडात टॉवेल कोंबून माणूस कण्हतो ना, तसा."

फाईल इंदोरच्या एका दवाखान्यातली होती. पोटाचा कॅन्सर, पसरलेला. डॉक्टरांनी फाल्गुनातच सांगितलं होतं की आता काही करण्यासारखं नाही, वर्ष जाईल की नाही शंका आहे. ताई एकटीच बसने जाऊन दाखवून आली होती.

मी फाईल हातात घेऊन तिच्या पलंगाशी बसले. मला रडायचं होतं आणि तिला मारावंसंही वाटत होतं.

"मनूने सांगितलं?" तिने विचारलं.

"नाही. बँडवाल्याने."

"तो क्लॅरिनेटवाला ना? फार सज्जन आहे." ती जराशी उठून बसली. "ओरडू नकोस शोभे. विनूला कळलं की तो मला पुण्याला नेईल, मोठ्या दवाखान्यात घालेल, नळ्या लावेल, कर्ज काढेल. प्रेमानेच करेल सगळं. आणि मी तिथे परक्या छताकडे बघत मरेन. मला इथे राहायचंय. एवढंच. मनूला मी म्हटलं, थोडे दिवस काढून दे. बँडची युक्ती त्याची."

"म्हणजे तुला माहीत होतं ते सगळे खोटे आहेत? मग दर रविवारी नटायचीस कशाला?"

"अगं, ते बिचारे एवढे कोट घालून येतात."

तिने माझ्याकडूनही शपथ घेतली. आणि मी, जी आठ महिने घर विकलं जावं म्हणून देव पाण्यात घालून बसले होते, ती पुढच्या रविवारी आमच्या वीज मंडळातल्या जुन्या शिपायाला सूट घालून, ग्वाल्हेरचा ठेकेदार म्हणून घेऊन आले. त्याने फ्यूजच्या पेटीला नावं ठेवली. ताई इतकी हसली की तिला धाप लागली.

पण विनूचा धीर सुटला होता. त्याने आम्हाला न विचारता इंदोरचा एक दलाल गाठला. गॉगलवाला, दोन फोनवाला. त्याने एका महिन्यात पार्टी आणली, खरी पार्टी, यात्रेकरूंसाठी हॉटेलसारखं काहीतरी काढणारी. भाव मनूभाऊंनी सांगितला होता त्याहून जास्त. विनू विमानाने आला. दोन दलालांमध्ये ठरलंसुद्धा, घेणाऱ्याचा टक्का गॉगलवाल्याचा, आमचा टक्का मनूभाऊंचा. म्हणजे मनूभाऊंनी नुसतं गप्प बसायचं होतं. नऊ महिन्यांची भरपाई बसल्या जागी होत होती.

पौषातली सकाळ होती. पुढच्या खोलीत सगळे जमले. टेबलावर पिवळ्या फडक्यात बयान्याचे पैसे आणि तिघांच्या सह्यांचा कागद. ताई गोळी घेऊन, हिरवी साडी नेसून खुर्चीत ताठ बसली होती. कब्जा महिनाभरात द्यायचा होता. विनूने सही केली आणि पेन माझ्याकडे सरकवलं. ताईने डोळ्यांनीच मला गप्प बस म्हणून सांगितलं. मी सही करणार नव्हते, असं मला म्हणावंसं वाटतं. पण पेन माझ्या हातात होतं, शपथ माझ्या गळ्यात होती, समोर माझा भाऊ बसला होता, आणि मी काय केलं असतं ते मला आजही माहीत नाही.

"साहब," मनूभाऊ पार्टीला म्हणाले. ते दाराशी स्टुलावर बसले होते. "दस्तखत से पहले एक बात बता दूँ. इस मकान का बयाना मैं पहले ही उठा चुका हूँ. रतलाम की पार्टी है. दो महीने हुए."

पार्टीने फडक्यावर हात ठेवला.

"काय?" विनू उठला.

"चुकलं माझं, विनायकराव. गरज होती. तुमची सही माझ्याकडे होतीच कागदावर, मी चालवली. मी निपटवतो ते, मला तीन महिने द्या."

पार्टीने पिवळं फडकं उचललं आणि चहाही न घेता निघून गेली. गॉगलवाला जाता जाता म्हणाला, "क्या दिघेजी, इस उमर में?" विनूने मनूभाऊंची कॉलर धरली. त्यांचा चष्मा खाली पडला. विनू काय काय बोलला ते मी लिहीत नाही, चोर हा त्यातला सगळ्यात सभ्य शब्द होता. मनूभाऊ मान खाली घालून उभे राहिले.

"विनू, सोड त्याला," ताई म्हणाली. तिच्या आवाजात जोर नव्हता, पण शाळेतला होता. विनूने सोडलं. मनूभाऊंनी चष्मा उचलला, खिशातून घराची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि ते गेले. रतलामची पार्टी नव्हती, बयाना नव्हता, काही नव्हतं, हे त्या खोलीत मला आणि ताईला माहीत होतं. ताईची बोटं माझ्या मनगटात रुतली होती. मी तोंड उघडलं नाही.

पोलिसांत जायचं विनूच्या मनात होतं, पण घराचं नाव कोर्टकचेरीत अडकेल म्हणून तो थांबला. बदनामी मात्र थांबली नाही. गॉगलवाल्याने दोन दिवसांत ती फ्रीगंजभर पोचवली. मनूभाऊंनी दोनदा बयाना उचलला! ज्यांची तीन-तीन घरं त्यांनी विकून दिली होती ते लोक त्यांच्या खुर्चीसमोरून मान वळवून जायला लागले. ज्यांनी घरं दिली होती त्यांनी किल्ल्या परत मागितल्या. त्यांना पुन्हा आमच्या फाटकाशी यायचं नाही अशी विनूची ताकीद होती, ती त्यांनी पाळली.

ताईला सात आठवडे मिळाले. मी माझं सामान घेऊन तिच्याकडेच राहायला गेले, विनूला सांगितलं ताप येतोय तिला. माघात ती गेली.

चक्रतीर्थाच्या स्मशानघाटावर लाकडं रचत होते तेव्हा मी मागे पाहिलं. घाटाच्या पायऱ्यांवर एका बाजूला मनूभाऊ उभे होते आणि त्यांच्या मागे दहा-अकरा माणसं, सगळी काळे कोट घालून. विनूने विचारलं, हे कोण? मी त्याला तिथेच सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "मी काय तिला मारायला नेणार होतो?" आणि बसकण मारून लहान मुलासारखा रडला. नंतर तो पायऱ्यांकडे गेला, पण तोवर ते सगळे निघून गेले होते.

आधीच्या बयान्याचं निपटलं असं विनूने कळवलं आणि घर फाल्गुनात विकलं गेलं. त्याच पार्टीला, त्याच गॉगलवाल्याकडून. त्याने आमच्याकडून टक्का घेतला, त्यांच्याकडून टक्का घेतला, आणि बयान्याच्या दिवशीच घेतला. माझ्या मुलीचा फ्लॅट झाला.

रजिस्ट्रीच्या दुसऱ्या दिवशी मी माझ्या हिश्श्याचा एक टक्का लिफाफ्यात घालून फ्रीगंजला गेले. बाहेरची खुर्ची नव्हती. मनूभाऊ आत दुकानात होते, मशीनवर कोणाचं तरी आधार कार्ड ठेवून झेरॉक्स काढत होते. दुकानदाराने रोजावर ठेवलं होतं त्यांना.

मी लिफाफा काचेवर ठेवला. त्यांनी बघितला आणि माझ्याकडे सरकवला.

"दलाली सौद्याची असते ताई. सौदा मी केलेला नाही."

"मग मी सगळ्यांना सांगते खरं काय ते. इथे चौकात उभी राहून सांगते."

"काय सांगाल? दिघेने चोरी केली नाही, नुसतं पार्टीला खोटं सांगून सौदा मोडला? कोण देईल मला घर त्यानंतर?" ते हसले. "दोन्हीकडून मी गेलोच. राहू द्या."

मला इतका राग आला! त्यांचा नाही, माझा, विनूचा, सगळ्यांचा. "कोण लागत होती ती तुमची?" मी ओरडले. "का केलंत एवढं?"

त्यांनी मशीन बंद केलं. समोरच्या गिऱ्हाईकाला त्याचं कार्ड दिलं, सुटे पैसे दिले, तो जाईपर्यंत थांबले.

"माझी आई होती," ते म्हणाले. "आमचं घर क्षीरसागर मोहल्ल्यात होतं. चांगली पार्टी आली, मी चार दिवसांत सौदा करून टाकला. बाजारात नाव झालं माझं तेव्हा. आई आजारी होतीच, म्हटलं नंतर दुसरं घेऊ, मोठं घेऊ. भाड्याच्या खोलीत तीन आठवडे काढले तिने. रोज विचारायची, मन्या, घरी कधी जायचं? मी म्हणायचो, उद्या."

मी लिफाफा पर्समध्ये परत ठेवला.

"मला तुमच्याकडे येता आलं नाही शेवटी," ते म्हणाले. "कुमुदताई घरातच गेल्या ना?"

"घरातच. पुढच्या खोलीत, तिचा पलंग तिथे आणला होता. खिडकी उघडी होती."

"शुद्ध होती?"

"होती. सकाळी चहा मागितला, दोन घोट घेतले. रविवार होता. मला म्हणाली, हिरवी साडी काढून ठेव, आज कोण येणार आहे बघायला?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, येणार आहेत. मनूभाऊ घेऊन येताहेत."

एवढं सांगितलं आणि मी तिथेच, झेरॉक्सच्या दुकानात, लोकांच्या देखत रडले. मनूभाऊंनी चष्मा काढला आणि तो शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसत राहिले.

"आणलं असतं ना," ते म्हणाले. "ढोलवाला राहिलाच होता अजून."